हलक्या चकत्या, जड हिशेब



श्रावण लागला की आमच्याकडे शनिवारी रात्री पत्ते पिसले जातात, ते थेट दिवाळीपर्यंत. आमचे हे, भावोजी, जाऊबाई, शेजारचं जोडपं आणि सासूबाई असे सहाजण सतरंजीवर बसतात. डाव रमीचा. माझ्याकडे चहा, चिवडा आणि हिशेबाची वही. बी. ए. झालेली, त्यात शाळेत अर्धवेळ शिकवणारी, म्हणून बेरीज-वजाबाकी माझ्या गळ्यात!

सासूबाईंच्या काळी पॉइंट चिंचोक्यांवर मोजले जायचे. पुढे कधीतरी त्यांच्या जागी सुटे पैसे आले, मग दहा-वीसच्या नोटा. दर तसा किरकोळच, चार पॉइंटांचा एक रुपया. पण एका रविवारी सकाळी चौथीतल्या आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, काल किती कमावले?" माझा हातातला झारा हातातच राहिला. मी ठरवून टाकलं, मुलांच्या डोळ्यांसमोर सतरंजीवर नोटा नकोत. पुन्हा चिंचोके आणावेत, तर जाऊबाईंचं धाकटं रांगतं. दिसेल ते तोंडात!

मग भाच्याने सुचवलं, "मामी, पोकर चिप्स घे." सासूबाई म्हणाल्या, "वेफर्सचा डबा वरच्या फळीवर आहे." शेवटी आम्ही त्यांना चकत्याच म्हणायचं ठरवलं. पोकर हा अमेरिकेतला पत्त्यांचा खेळ. त्यात पैशांऐवजी ह्या रंगीत चकत्या पुढे सरकवतात. आपल्या रमीलाही त्या छान चालतात.

दुकानात गेले आणि चक्रावले. तीच गोल चकती, पण एक पेटी भाजीच्या भावात, तर दुसरी साडीच्या! तेव्हा कुणाला घ्यायच्या असतील तर मी शिकले ते सांगते.

सर्वांत स्वस्त त्या साध्या प्लॅस्टिकच्या. वजन दोन ते चार ग्रॅम, म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं. मुलांच्या खेळाला पुरतात. पण पंख्याच्या वाऱ्याने सरकतात, दहा एकावर एक ठेवल्या की घसरतात आणि सतरंजीवरून उचलताना नखं लावावी लागतात. सासूबाईंच्या संधिवाताच्या बोटांना त्या मुळीच जमल्या नाहीत.

दुसऱ्या साडेअकरा ग्रॅमच्या. पाच रुपयांची दोन नाणी तळहातावर घ्या, जवळजवळ तेवढंच वजन. बाहेरून कडक प्लॅस्टिक आणि आत धातूची छोटी चकती. वजन येतं ते त्या धातूचं. हातात भरतात, रास नीट उभी राहते, पडल्या तरी फुटत नाहीत.

तिसऱ्या साडेतेरा-चौदा ग्रॅमच्या. ह्यांच्या पेटीवर बऱ्याचदा 'क्ले', म्हणजे माती, असं लिहिलेलं असतं. ही आपली गणपतीची शाडूची माती नव्हे हो! बहुतेक वेळा ते भुकटी मिसळलेलं प्लॅस्टिकच असतं आणि आत पुन्हा धातू. स्पर्श थोडा खरखरीत, म्हणून हातातून निसटत नाहीत.

चौथ्या सिरॅमिकच्या म्हणून विकतात, सुमारे दहा ग्रॅमच्या. नक्षी थेट चकतीवर छापलेली, त्यामुळे सोलून निघायला वर कागदच नसतो. दिसायला सुरेख, पण महाग.

दुकानदार सांगेल, "ताई, जितकी जड तितकी चांगली." त्याला भुलू नका. परदेशातल्या जुगारगृहांत वापरतात त्या खऱ्या मातीच्या मिश्रणाच्या चकत्या साडेआठ ते दहा ग्रॅमच्याच असतात. आपल्या वीस रुपयांच्या नाण्याचं वजन साडेआठ ग्रॅम आहे, त्याहून फार जास्त नाही. शिवाय जड पेटी उचलायची कुणी? चौदा ग्रॅमच्या ५०० चकत्या म्हणजे सात किलो, पेटी वेगळी. माळ्यावरून ती काढणार आपणच! साडेअकरा ग्रॅमच्या ३०० घेतल्या तर साडेतीन किलोच्या आत काम भागतं.

घेताना एवढं पाहा. एक चकती वजन करून काही कळत नाही. दहा एकदम काट्यावर ठेवा आणि दहाने भागा. ११५ ग्रॅम भरल्या तर एक साडेअकराची. वीस चकत्यांची रास रचून पाहा. साडेसहा-सात सेंटिमीटर उंचीची ती रास डुलता कामा नये. कडेवरून बोट फिरवा, धार लागू नये. रुंदी ३९-४० मिलिमीटरची घ्या. रांगत्या बाळाच्या घशात जाण्याइतकी ती लहान नसते. लहान टिकल्यांएवढ्या चकत्या मात्र चिंचोक्यांइतक्याच धोक्याच्या. आणि जडच घेतल्या तर खाली जाडशी चादर अंथरा. फरशीवर त्यांचा असा खणखणाट होतो की निजलेलं मूल दचकून उठतं.

किती घ्याव्यात? आमचा हिशेब असा. प्रत्येकाला पांढऱ्या २० (एक पॉइंटाच्या), लाल १६ (पाचाच्या) आणि निळ्या ५ (विसाच्या). झाले बरोबर २०० पॉइंट आणि ४१ चकत्या. सहाजणांना २४६ लागतात. तीनशेत ५४ उरतात, हरवल्या-सापडल्याला.

स्वच्छतेचं म्हणाल, तर तेलकट चिवड्याचे हात सगळ्यात आधी चकत्यांना लागतात. कोमट साबणाच्या पाण्यात फडकं पिळून एकेक पुसा आणि लगेच कोरडी करा. मधे कागद चिकटवलेला असेल तर पाण्यात भिजत घालू नका, कडा सुटतात.

मी साडेअकरा ग्रॅमच्या ३०० घेतल्या. सगळ्यांना आवडल्या. नोटा दिसेनाशा झाल्या आणि मला वाटलं, मी मोठी लढाई जिंकले.

आता माझी चूक सांगते.

चकत्या आल्या आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून दर झाला एका पॉइंटाला एक रुपया. म्हणजे एकदम चौपट, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. दिवाळीच्या रात्री कुणीतरी म्हणालं, "आज सण आहे, पाच रुपये करू." सगळे हसले. हो म्हणाले. मीही वहीत तसंच लिहिलं. त्या रात्री भावोजींनी तीनदा नव्याने चकत्या मागून घेतल्या. मागायच्या म्हणजे काय, हात पुढे करायचा आणि ज्याच्यासमोर रास असेल त्याने मोजून द्यायच्या. रात्री एक वाजता मी बेरीज केली. भावोजींच्या अंगावर ६४० पॉइंट. पाचाने गुणले तर ३,२०० रुपये. ते हसत म्हणाले, "चला, पुढच्या वर्षी वसूल करू," आणि पैसे देऊन मोकळे झाले.

पुढच्या आठवड्यात मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा जाऊबाई आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "वहिनी, दोन हजार असतील का? पहिल्या तारखेला देते. मुलीच्या शाळेच्या गाडीचे द्यायचेत." कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. त्या ३,२०० पैकी अकराशे आमच्याच कपाटात होते. ह्यांनी जिंकलेले.

मी त्यांना दोन हजार दिले आणि ते अकराशे वेगळे पुढे केले. ते मात्र त्यांनी घेतले नाहीत. "हरले ते हरले," म्हणाल्या. शेवटी ह्यांनी स्वतः जाऊन ते भावोजींना परत केले. दोघं भाऊ त्यावर काय बोलले ते मला ठाऊक नाही, पण हे परत आले ते गप्पच होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. भावोजींना तीनदा खिशातून पाकीट काढावं लागलं असतं, तर दुसऱ्यांदाच हात थांबला असता. नोट मोडताना जीव कचरतो. चकती देताना तो कचरत नाही. मुलांच्या डोळ्यांपुढून नोटा हलवायच्या म्हणून मी चकत्या आणल्या, आणि त्या मोठ्यांच्याही डोळ्यांआड झाल्या. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांतही पडद्यावर अशीच नाणी खुळखुळायची. किती संसार त्यात पोळले! शेवटी २०२५ साली संसदेला त्या खेळांविरुद्ध कायदा करावा लागला. आमच्या सतरंजीवर कायदा कोण करणार? तो मीच केला.

एक, चकती म्हणजे पॉइंट, रुपया नव्हे. जो हरेल त्याने रविवारचा सकाळचा चहा करायचा आणि रात्रीची भांडी घासायची. दोन, सणाला पैसे लावायचेच असतील तर सुरुवातीला प्रत्येकी पन्नास रुपये वाटीत, सगळ्यांसमोर. चकत्या संपल्या की खेळ संपला, नव्याने मागायच्या नाहीत. तीन, दर आधीच कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा. रंगात आल्यावर तो बदलायचा नाही. आणि चार, तीन पत्ती आमच्याकडे बंद. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, तो तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नाही असं सांगून. मी तेवढाच आधार पकडला!

पहिल्या शनिवारी थोडी कुरकुर झाली. पण मागच्या रविवारी भावोजी हरले, आणि त्यांच्या हातचा चहा घेताना जाऊबाई जशा हसल्या, तशा दिवाळीपासून हसल्या नव्हत्या.

म्हणून सांगते, चकत्या जरूर घ्या. वजन बघा, कडा बघा, रास रचून बघा. ५००, १००० असे आकडे छापलेल्या घेऊ नका. कोऱ्या रंगाच्या घ्या. मी तर आठवड्यातून दोन दिवस त्यातल्या साठेक शाळेत नेते आणि दुसरीच्या मुलांना एकक, दशक, शतक शिकवते. पांढरी एक, लाल दहा, निळी शंभर. मुलं भराभर शिकतात. दहा पांढऱ्या दिल्याशिवाय लाल मिळत नाही, हे त्यांना एकदाच सांगावं लागतं.