आवाज कवापासून येते?

हूक्स जॉइंट हा धडा आपण सगळेच थिअरी ऑफ मशीन्समध्ये शिकतो. मला तो खऱ्या अर्थाने शिकवला तुमसर-सिहोरा-बपेरा रस्त्यावर धावणाऱ्या एका जुन्या जीपने. त्या शिकवणीची फी मात्र माझ्या मामांनी भरली. १४,००० रुपये!

मामांचं गाव बपेरा. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या अगदी टोकाला. बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश. धानाची पोती, रोवणीला जाणाऱ्या बाया, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं मामांची ती जीपच वाहते. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तिला एक विचित्र आवाज सुरू झाला. ताशी ३५ च्या वर गेली की खालून घूं-घूं-घूं, इतका मोठा की मागे बसलेल्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. पायाखालचा पत्रा थरथरायचा तो वेगळाच.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं, क्राऊन-पिनियन गेलं, पूर्ण सेट बदला. मामांनी हॉस्टेलवर फोन केला. "बाई, तू त मेकॅनिकलले आहेस ना? हे खरं होय का?" तेव्हा आमची पी.एल. चालू होती, डोक्यात पेपर होता. मी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला, "हो मामा, मागून घूं आवाज म्हणजे डिफरेन्शियलच." भाची इंजिनिअर होणार, तिने सांगितलं, मग प्रश्नच मिटला. रोवणीच्या मजुरीसाठी ठेवलेल्या पैशातून मामांनी काम करून घेतलं. गाडी घरी आली. आवाज जसाच्या तसा!

परीक्षा संपवून मी बपेऱ्याला गेले तेव्हा जुनं क्राऊन-पिनियन पडवीत पोत्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. मी ते उघडून बघितलं. एकही दात तुटलेला नाही, खरवडलेला नाही. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मामांनी सिहोऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. मला वाटलं, आले की जॅक लावतील, पाने काढतील. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. खाटेवर बसले, चहा घेतला आणि मामांना विचारलं, "आवाज कवापासून येते? त्याच्या पयले गाडीचं का काम केलं होतं?"

हा प्रश्न ना गॅरेजवाल्याने विचारला होता, ना मी. मामांना आठवलं. आवाज सुरू व्हायच्या दोन दिवस आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला होता.

त्यानंतर मिस्त्रींनी मला शेजारी बसवून गाडी काढली. उभ्या गाडीत इंजिन रेस केलं, आवाज नाही. म्हणजे इंजिन सुटलं. ४० च्या वेगाला न्यूट्रल करून गाडी तशीच पळू दिली, आवाज चालूच. म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढे, चाकांबरोबर जे फिरतं त्यातच काहीतरी आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवली, आवाज बदलला नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर वजन एका बाजूला गेल्यावर बहुतेक बदलला असता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, तरी फारसा फरक नाही. क्राऊन-पिनियनचा आवाज मात्र दाब पडताना एक आणि सुटताना दुसरा असा येतो. राहिला तो प्रोपेलर शाफ्ट.

घरी येऊन ते गाडीखाली शिरले आणि फडक्याने शाफ्टवरचा चिखल पुसला. शाफ्टच्या एका टोकाचा फोर्क आडवा होता, दुसऱ्या टोकाचा उभा. मधल्या सरकत्या जोडावर कंपनीने दोन बाण कोरलेले असतात, ते समोरासमोर यायला हवेत. क्रॉस बदलताना कोणीतरी शाफ्ट खोलला आणि बसवताना बाण न बघता बसवला. मिस्त्रींनी जोड सोडवला, फिरवून बाण जुळवले, बोल्ट कसले. अर्धा तास लागला. घेतले १०० रुपये. आवाज गेला.

आता गंमत बघा. हूक्स जॉइंटमध्ये एक शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवला तरी दुसरा तसा फिरत नाही. दोघांमधला कोन १५ अंशांचा धरला तर दुसरा शाफ्ट प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे साडेतीन टक्के जोरात आणि दोनदा तेवढाच हळू फिरतो. म्हणून आपण दोन जॉइंट वापरतो. दोन्हीकडचे कोन सारखे आणि मधल्या शाफ्टचे दोन्ही फोर्क एका पातळीत असले की एकाची चूक दुसरा भरून काढतो. फोर्क ९० अंशांनी फिरले तर चुका एकमेकींत मिसळतात, साडेतीनचे सात टक्के होतात. हे सगळं गणित मी पेपरात लिहिलं होतं. आकृतीसह. मार्कही चांगले पडले होते! पण तीच आकृती मामांच्या जीपखाली चिखलात फिरत होती तेव्हा मला ती ओळखता आली नाही.

आकडेमोड केली असती तरी दिशा कळली असती. चाकाचा घेर २.२ मीटर आणि डिफरेन्शियलचा रेशो ४.५ समजा. ताशी ४० ला चाक सेकंदाला साधारण ५ फेऱ्या मारतं, शाफ्ट २३ आणि फेरीत दोनदा बसणारे शाफ्टचे झटके होतात ४५ च्या आसपास. डिफरेन्शियलच्या दातांचा आवाज याच्या कितीतरी वरच्या पट्टीत येतो. आज मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येसुद्धा हा फरक दिसतो. पण त्यासाठी आधी प्रश्न पडायला हवा होता.

"पुस्तकं निरुपयोगी, मिस्त्रीच खरा इंजिनिअर" असं मला म्हणायचं नाही. बाण न बघता शाफ्ट बसवणाराही मिस्त्रीच होता, आणि उत्तर पुस्तकात होतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला उत्तरं शिकवली जातात, बिघाड शोधायला कोणी शिकवत नाही. पेपरात प्रश्नाच्या पहिल्या ओळीतच "हूक्स जॉइंटने जोडलेले दोन शाफ्ट" असं लिहून येतं. खऱ्या गाडीवर तशी पाटी नसते.

आणखी एक गोष्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. गाडीच्या प्रत्येक भागाचं इंग्रजी नाव मला पाठ आहे, पण "आवाज कसा आहे" हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मिस्त्रींकडे होते. गाडी उचलताना 'टक्' म्हणजे क्रॉस ढिला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये वळताना 'कटकट' म्हणजे सी.व्ही. जॉइंट झिजला. 'घरघर' म्हणजे बेअरिंग, 'खडखड' म्हणजे कुठेतरी सुटलेला पत्रा. आपल्या मराठीत असे किती शब्द आहेत! निदानाची सुरुवात त्यांच्यापासूनच होते.

काही मित्र म्हणतील, आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनरला सेन्सर सांगेल तेवढंच कळतं. प्रोपेलर शाफ्टच्या फोर्कवर कोणी सेन्सर बसवत नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनचा आवाजच नसतो, त्यामुळे गिअर आणि बेअरिंगची बारीकशी कुरकुरही कानाला लागते. पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत आवाज आणि कंपनं यांच्या तपासणीसाठी खास प्रयोगशाळा आहे, ती उगाच नाही.

म्हणून आपल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. वर्कशॉपमध्ये एक 'बिघाड प्रॅक्टिकल' सुरू करावं. एखाद्या जुन्या गाडीत सरांनी मुद्दाम एक दोष ठेवावा आणि चौघांच्या ग्रुपला दोन तास द्यावेत. जर्नलमध्ये तीनच रकाने असावेत: काय दिसलं-ऐकलं, त्यावरून काय वगळलं, पुढची टेस्ट कोणती. बरोबर वगळण्याला मार्क, आणि कारण न देता पहिला नट खोलला तर मार्क कापावेत. वर्षातून एकदा एखाद्या जुन्या मिस्त्रींनाही पाहुणे म्हणून बोलवावं. सिलॅबसमध्ये वेळ नाही असं म्हणतात. पण आदल्या रात्री सीनिअरची जर्नलं उतरवून काढण्यात जो वेळ जातो, तो इकडे वळवता येईल की!

मामांची रोवणी त्या वर्षी उधारीवर झाली. पोत्यातलं ते क्राऊन-पिनियन अजून पडवीत आहे. मामा म्हणतात, कधी कामी पडेल.

मित्रांनो, आपल्या प्रत्येकाच्या घरून कधी ना कधी असा फोन येतो. मोटरपंपाचा, ट्रॅक्टरचा, गाडीचा. "तू इंजिनिअर आहेस ना?" त्या क्षणी उत्तर द्यायचा मोह होतो. आधी विचारा, आवाज कवापासून येते?