शिवण दिसली पाहिजे : पुनर्रचित चित्रपट आणि ‘मूळ’ संहितेचा मोह

१

चित्रपटविषयक मराठी समीक्षेत ‘मूळ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. निर्मात्यांनी कापलेला, बदललेला चित्रपट म्हणजे ‘विद्रूप’ आणि रसिकांनी तुकडे जुळवून उभा केलेला चित्रपट म्हणजे ‘मूळ’, अशी सोयीची विभागणी एक पक्ष करतो. लेखकाच्या मृत्यूची वार्ता ऐकून निश्चिंत झालेला दुसरा पक्ष ‘सर्वच पाठ सारखे’ असे म्हणून प्रश्नच निकालात काढतो. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसतात. परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. समोरचा पाठ कोणी, केव्हा आणि कशापासून सिद्ध केला, हे तपासण्याचे कष्ट दोन्ही पक्षांना नको आहेत. पहिल्याला ते भक्तीमुळे अनावश्यक वाटतात, दुसऱ्याला सिद्धान्तामुळे.

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही, हे गिरगावातील खोताच्या वाडीकडे पाहिले तरी लक्षात येईल. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरती कौलारू छपरे असलेली तेथील जुनी घरे आता थोडीच उरली आहेत. अशा घराचा खांब कुजला की दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. नवा खांब जुन्या रंगात असा रंगवावा की जोड कळूच नये, हा एक. नवा खांब घराच्या घडणीशी जुळणारा, पण नवा म्हणून ओळखू येईल असा ठेवावा, हा दुसरा. १९६४च्या व्हेनिस सनदेने दुसरा मार्ग तत्त्व म्हणून स्वीकारला. घातलेली भर एकूण रचनेशी सुसंवादी असावी, मात्र ती मुळापासून वेगळी ओळखता यावी; अन्यथा वास्तूची ऐतिहासिक साक्ष खोटी ठरते. वास्तूच्या बाबतीत मान्य झालेले हे तत्त्व संहितेच्या बाबतीत नाकारण्याचे कारण काय, याचे उत्तर वरील दोन्ही पक्षांनी दिले पाहिजे.

२

या वादात नेहमी पुढे येणारे उदाहरण म्हणजे रिचर्ड विल्यम्स यांचा ‘द थीफ अँड द कॉब्लर’ हा अपूर्ण अ‍ॅनिमेशनपट. व्हेनिस सनदेच्याच वर्षी, १९६४मध्ये, विल्यम्स यांनी लंडनमध्ये मुल्ला नसरुद्दीनच्या कथांवरील चित्रपटाचे काम सुरू केले. नसरुद्दीनच्या कथा ज्यांनी इंग्रजीत आणल्या त्या इद्रिस शहा यांच्या कुटुंबाशी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेबनाव झाला आणि नसरुद्दीन चित्रपटातून गेला. चोर मात्र राहिला. म्हणजे ज्याला ‘मूळ’ म्हणायचे, त्याच्या पोटातच एक आधीचे, टाकून दिलेले मूळ आहे. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ (१९८८) या चित्रपटाच्या यशानंतर वॉर्नर ब्रदर्सचे पाठबळ मिळाले. परंतु मुदत उलटली, आणि मे १९९२मध्ये कच्ची प्रत दाखवल्यानंतर चित्रपट विल्यम्स यांच्या हातून काढून घेण्यात आला. पूर्ततेची हमी घेणाऱ्या कंपनीने तो फ्रेड कॅल्व्हर्ट यांच्याकडे सोपवला. त्यांनी गाणी घालून तो पुरा केला आणि १९९३मध्ये तो ‘द प्रिन्सेस अँड द कॉब्लर’ या नावाने ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत लागला. १९९५मध्ये मिरामॅक्सने त्यात आणखी काटछाट करून तो ‘अरेबियन नाइट’ या नावाने अमेरिकेत आणला.

या बदलांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण ‘व्यापारी वृत्तीने कलेचा घात केला’ एवढ्या विधानाने काहीच स्पष्ट होत नाही. विल्यम्स यांच्या कच्च्या प्रतीत चोर आरंभापासून अखेरपर्यंत मुका आहे. टॅक नावाचा चांभार शेवटी एकच वाक्य बोलतो. बोलतो तो वजीर झिगझॅग, आणि तोही यमकांत. भाषा ही सत्तेच्या बाजूला आणि हालचाल ही सत्ताहीनांच्या बाजूला, अशी या चित्रपटाची अर्थव्यवस्था आहे. कॅल्व्हर्ट यांनी टॅकला बोलते केले आणि राजकन्येला गाणे दिले. मिरामॅक्सने चोराला अखंड स्वगत दिले. परिणामी चोराची प्रत्येक हालचाल त्याच्या बोलण्याचे चित्ररूप स्पष्टीकरण होऊन बसली. जे प्रेक्षकाने पाहून ताडायचे, ते त्याला आधीच सांगून टाकण्यात आले. हा केवळ अभिरुचीचा ऱ्हास नव्हे, तर संहितेच्या चिन्हव्यवस्थेतील फेरबदल आहे. म्हणूनच ‘सर्व पाठ सारखे’ म्हणणाऱ्यांचे प्रतिपादन टिकत नाही. पाठांचे मूल्य सारखे नाही, हे दाखवण्यासाठी लेखकाच्या हेतूचा आधार घेण्याची गरज पडत नाही. पाठांची अंतर्गत रचनाच ते दाखवते.

आता पुनर्रचनेकडे. गॅरेट गिलख्रिस्ट या चाहत्याने २००६मध्ये ‘द रीकॉबल्ड कट’ सिद्ध केला आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. चौथी २०१३मध्ये आली. कच्च्या प्रतीच्या हातोहात फिरलेल्या अंधूक व्हिडिओ-प्रती, प्रदर्शित चित्रपटांच्या स्वच्छ प्रती, फिल्मचे मिळालेले तुकडे, पेन्सिल रेखाटने आणि कथाफलकांची स्थिरचित्रे यांतून हा पाठ उभा राहिला. भक्तांनी ध्यानात घ्यायची बाब अशी की, यातील रंगीत, स्पष्ट दृश्यांचा मोठा भाग ज्यांना ‘विध्वंसक’ म्हटले जाते त्यांच्याच प्रतींतून आलेला आहे. विद्रूप पाठ नसता, तर पुनर्रचित पाठ एवढा स्वच्छ दिसलाच नसता. शुद्ध आणि भ्रष्ट यांची सरळ विभागणी येथेच कोसळते.

तरीही या पुनर्रचनेचे मोल मोठे आहे, आणि ते तिच्या नावातच सांगितलेले आहे. ‘रीकॉबल्ड’ म्हणजे पुन्हा शिवलेला. रंगीत दृश्य चालू असताना अचानक रंग जातो आणि पेन्सिलीची रेघ चालू लागते. मग रेघही थांबते आणि केवळ स्थिरचित्र उरते. प्रेक्षकाला कळते की येथे कापड संपले, येथे टाका आहे. स्टुडिओने नेमका हा टाका लपवला होता. दोन्ही पाठांतील निर्णायक भेद कोणता लेखकाच्या अधिक जवळ आहे हा नसून, कोणता आपली शिवण दाखवतो हा आहे. ही कसोटी चाहत्यांवरही उलटू शकते, हे मान्य केले पाहिजे. पोकळ जागा नव्या चित्रांनी भरून पाठ जसजसा गुळगुळीत होत जाईल, तसतसा तो स्टुडिओच्याच वाटेने जाईल. हेतू कितीही निर्मळ असला तरी.

स्वतः विल्यम्स यांनी काय केले? डिसेंबर २०१३मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी जी प्रत दाखवली ती पुरी केलेली नव्हती. १३ मे १९९२ रोजी काम जेथे होते तेथेच तिला थांबवलेले होते, आणि तिला नाव दिले होते ‘अ मोमेन्ट इन टाइम’, म्हणजे काळातील एक क्षण. २०१९मध्ये त्यांचे निधन झाले. ज्याला ‘मूळ’ असल्याचा दावा करण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्याने मूळ नव्हे तर तारीख सादर केली. समीक्षेने यापासून बोध घ्यावयास हरकत नसावी.

३

हा बोध घेण्यासाठी लंडनला किंवा लॉस एंजेलिसला जाण्याची आवश्यकता नव्हती. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये हाती घेतलेली आणि १९६६मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे त्याचे घरचे उदाहरण आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी ही आवृत्ती व्यासांच्या हातची संहिता असल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे रूप, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. जेथे पाठ पुरेसा निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. जे वगळले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपलेले आहे. ही नागमोडी रेघ आणि पुनर्रचित चित्रपटातील पेन्सिलीची रेघ यांचे कार्य एकच आहे. दोन्ही म्हणतात: येथून पुढे वाचकाने जपून पाऊल टाकावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही मराठीतच आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४मध्ये, एकनाथांनी पाठांतरांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी ओवीची भर घालू नये असे बजावले. त्या कार्याचे ऋण निर्विवाद आहे. परंतु त्यांनी काय बदलले, काय गाळले, याची नोंद हाती नाही. १९०९मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तेव्हापासून चाललेला वाद मुख्यतः या न दिसणाऱ्या शिवणीचाच वाद आहे. सोळाव्या शतकातील संताकडून आधुनिक पाठचिकित्सेची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतील संपादकांना, वस्तुसंग्राहकांना आणि प्राध्यापकांना मात्र ती सवलत देता येत नाही.

४

ही सवलत आपल्याकडे किती सहज घेतली जाते, याचा पुरावा खोताच्या वाडीपासून पायी थोड्याच अंतरावर होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, ज्याची स्थापनाही योगायोगाने १९६४चीच, त्याचे पहिले आणि शेवटचे रीळ म्हणून जे जतन झाले आहे, ते वस्तुतः फाळक्यांनीच १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’चे असावे, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. हे मत अज्ञात नाही, ग्रंथांत नमूद आहे. तरीही समारंभांत, माहितीपटांत आणि पाठ्यपुस्तकांत ती दृश्ये ‘पहिल्या भारतीय चित्रपटातील’ म्हणून निःशंकपणे दाखवली जातात. येथे कोणा परकीय स्टुडिओने कात्री चालवलेली नाही. शिवण लपवली आहे ती आदराने.

या आदराची किंमत लहान नाही. १९१३ आणि १९१७ या दोन सालांच्या मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ आहे, ‘सत्यवान सावित्री’ आहे, १९१४चा इंग्लंडचा प्रवास आहे. १९१५चा ‘आगकाड्यांची मौज’ आहे, ज्यात फाळक्यांनी काड्यांना चालते केले. चार वर्षांच्या या अनुभवानंतरची चौकट, अभिनय आणि कॅमेऱ्याची जागा जर पदार्पणातील म्हणून वाचली, तर फाळक्यांच्या घडणीविषयी केलेले प्रत्येक विधान पायातच ढासळते. ‘प्रतिभा पहिल्याच प्रयत्नात पूर्ण असते’ हा रोमँटिक समज मग पुराव्याने सिद्ध झाल्यासारखा दिसतो. वस्तुतः तो पुराव्याच्या चुकीच्या तारखेने सिद्ध झालेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधात चित्रपटाचे नाव आणि साल लिहितो, पण कोणती प्रत, किती मिनिटांची, कोणी जुळवलेली, हे लिहीत नाही. कवितासंग्रहाची आवृत्ती न सांगणाऱ्या विद्यार्थ्याला जो मार्गदर्शक टोकतो, तोच येथे गप्प राहतो.

यावर एक आक्षेप संभवतो. सामान्य प्रेक्षकाला अखंड चित्रपट हवा असतो, तळटीपा नव्हेत. सांधे दाखवल्याने रसभंग होतो. परंतु अनुभव याच्या उलट आहे. रंगातून रेघेत उतरणारे चोराचे हात पाहताना रस तुटत नाही. घडत असलेली गोष्ट आणि ती घडवणारा हात एकाच वेळी दिसतात. भग्न मूर्तीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला हा अनुभव नवा नाही. रसभंग होतो तो भग्न मूर्तीला सिमेंटचा हात बसवून त्यावर शेंदूर फासला जातो तेव्हा.

‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. संगणकाच्या साहाय्याने नसलेल्या चौकटी निर्माण करण्याची साधने आता कोणाच्याही हाती आली आहेत, आणि उद्या कोणी उत्साहाने फाळक्यांच्या त्या काड्या पुन्हा नाचवल्या, तर त्यात आनंदच आहे. फक्त त्यावर साल घालताना १९१५ घालू नये. आजचे काम आजच्या तारखेने आणि करणाराच्या नावाने यावे. अपूर्ण ते अपूर्ण आणि हरवलेले ते हरवलेले असे म्हणता येणे, हे अभ्यासाचे दौर्बल्य नसून त्याचे पहिले कर्तव्य आहे. हे कर्तव्य ज्यांना जड वाटते, त्यांनी ‘मूळ’ या शब्दाचा वापर काही काळ थांबवावा.