‘काही नको’ असं मी का लिहिलं?

क्वीअर साहित्य मेळाव्याचं निमंत्रण आलं, तेव्हा सोबत एक छोटा फॉर्म होता. प्रवास कसा करणार, जेवण कोणतं हवं, आणि शेवटी एक प्रश्न: कार्यक्रमात भाग घेण्यासाठी तुम्हाला काही सोय लागेल का? मी ‘काही नको’ लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

ते खोटं होतं. गेली नऊ वर्षं मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं. त्रास वाढला की दिवसातून दहा-बारा वेळा संडासला पळावं लागतं, आणि ‘जरा थांब’ असं पोटाला सांगता येत नाही. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. बाहेरून मात्र मी ठणठणीत दिसते.

मग खोटं का लिहिलं? त्या मेळाव्यात मी आधीच ‘मुस्लिम लेखिका’ होते. मोहल्ल्यात ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी मी ‘तसली’ आहे. दोन पाट्या गळ्यात असताना तिसरी कशाला? लोकांनी माझ्या कथांवर बोलावं, आतड्यांवर नाही, एवढंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी चर्चा होती. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, टॉयलेट तळमजल्यावर. कार्यक्रम असला की मी सकाळपासून काही खात नाही, त्या दिवशीही खाल्लं नव्हतं. श्रोत्यांमधून ओढणी घेतलेली एक मुलगी उठली आणि मला म्हणाली, “मुस्लिम असणं आणि क्वीअर असणं, दोन्ही एकत्र कसं जमतं?” त्याच क्षणी पोटात कळ आली. मी माइक खाली ठेवला आणि निघाले. परत आले तेव्हा चर्चा संपली होती. प्रश्न मला झोंबला, असा सगळ्यांचा समज झाला होता. ती मुलगी निघून गेली होती. बहुधा तिचाही तोच समज झाला असेल.

रात्री मी आयोजकांपैकी एकीला सगळं सांगितलं. दया दाखवतील, असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, “फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस?” दुसऱ्या दिवशी माझं कथावाचन तळमजल्यावर झालं. खुर्ची दाराजवळ ठेवली होती. सुरुवातीलाच सांगितलं गेलं की ज्यांना मध्ये उठावं लागेल, त्यांनी खुशाल उठावं आणि परत यावं. मला उठावंच लागलं नाही. श्रोत्यांतले चार-पाच जण मात्र उठून गेले आणि परत आले. त्यांना काय झालं होतं, कोण जाणे. विचारायची गरजही नव्हती.

हे लपवणं मी कुठे शिकले? घरातच. कुराणात सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सूट आहे. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नाही. पण आपल्या घरांत काय चालतं? पाळीतली मुलगी स्वयंपाकघराचं दार लोटून, अब्बा किंवा भाऊ येत नाहीत ना हे बघून, दोन घास पोटात ढकलते. रमजानमध्ये मीही औषधाची गोळी तशीच घेते, अम्मीला सगळं माहीत असताना. सूट अल्लाहने दिली, लपायला आपण शिकवलं.

कायद्याचंही तसंच आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण अम्मीसमोर बोलायची भीती त्या दिवशी संपली नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, माझा आजार त्यात नावाने नाही. म्हणून कुणी कागद मागण्याआधी माणसाचं ऐकून घ्यायला हवं.

आणि आपली चळवळ? हमीद दलवाई मूत्रपिंडाच्या आजाराने १९७७ साली गेले, वयाच्या ४४व्या वर्षी. आजारपणातही ते थांबले नाहीत, हे आपण अभिमानाने सांगतो. मलाही तो अभिमान आहे. पण ‘आजारी असूनही’ हे कौतुक पुन्हा पुन्हा ऐकलं की बाकीच्यांना वाटतं, चळवळीत राहायचं तर दुखणं गिळायला हवं. ज्यांना ते गिळता येत नाही, ते गाजावाजा न करता येणं बंद करतात. आपण म्हणतो, तरुण येत नाहीत.

आपली शिबिरं सकाळी नऊला सुरू होतात, संध्याकाळपर्यंत सतरंजीवर बसायचं असतं, मध्ये उठलं की सगळे वळून बघतात. यात बदल करायला फार पैसा लागत नाही. नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘तुम्हाला काय लागेल?’ हा प्रश्न असू द्या. टॉयलेट जवळ असलेली जागा निवडा. दाराजवळ चार खुर्च्या ठेवा. उठून जायची मुभा सुरुवातीलाच जाहीर करा. ज्याला घरातून निघता येत नाही, त्याला ऑनलाइन बोलू द्या. निवासी शिबिरात खोल्या वाटण्याआधी प्रत्येकाला एकट्याने विचारा, कुणासोबत राहायला सोयीचं वाटेल.

अर्धी जबाबदारी आपलीही आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे ज्या चुकीची नोंदच झाली नाही, ती कुणी दुरुस्त करत नाही. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर मी खोटं दिलं. ज्यांना खरं सांगण्यात धोका आहे, त्यांना मी दोष देणार नाही. मला त्या दिवशी धोका नव्हता, फक्त लाज होती.

त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं. ती हे वाचत असेल, तर सांगते: जमतं. रोज जमतं असं नाही. पण मुस्लिम आणि क्वीअर असण्यात माझी जेवढी ताकद जाते, त्याहून कितीतरी जास्त ताकद लपवण्यात गेली. आणि त्या दिवशी मी तुझ्या प्रश्नावर रागावून उठले नव्हते. माझं पोट दुखत होतं.