हजेरीपटावरील मुली

नवी मुंबई हें शहर १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें वसविलें. तेथें बाहेरून येऊन राहिलेल्या आजीआजोबांची शाळा साहजिकच दूर, पुण्यास, वाईस, चिपळुणास किंवा गिरगांवांत राहिली. त्यांचा जुना वर्ग आतां भरतो तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. परंतु तेथें हजेरीपट पुरा होतो काय? मुलगे लवकर सांपडतात. मुली सांपडत नाहींत. लग्नानंतर आडनांव तर बदलतेंच. शिवाय ताटांतल्या तांदुळांवर नवें नांव लिहून पाळण्यांतलें नांवही पुसण्याची चाल आपल्या समाजांत होती. पटावरील कुसुम सासरीं सुधा झाल्यावर तिला हुडकावें कोणत्या नांवानें?

जुळलेला धागाही केवळ यंत्राच्या भरंवशावर टाकूं नये. ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें, तेव्हां कित्येकांच्या तेथल्या ओळखीही त्याबरोबर गेल्या.

यास्तव आमची सूचना अशी कीं, घरांतील आजी, सासूबाई, काकू यांचा शाळा सोडल्याचा दाखला ट्रंकेंतून बाहेर काढावा; माहेरचें नांव, शाळा व शालान्त परीक्षेचें वर्ष एका वहींत टिपून ठेवावें आणि त्यांची संमति घेऊन तें ग्रुपवर कळवावें. नातवंडें हें काम हौसेनें करतील. जिला आयुष्यभर ‘सूनबाई’, ‘वहिनी’, ‘काकू’ याच हांका ऐकूं आल्या, तिला तिच्या मूळ नांवानें हांक मारणारीं माणसें आतां बहुधा त्या वर्गांतच उरलेलीं असतात.