संमती कुणाच्या भाषेत?

शाळा, दवाखाने, पतसंस्था, क्लासेस, दुकाने... आज प्रत्येकाला आपल्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा आहे. मेसेज पाठवायचा तर नंबर हवा, आणि नंबर गोळा करायची जागा आता कागदी फॉर्मवरून वेबसाइटवर आली आहे. आमच्या संस्थेची वेबसाइट सध्या नव्याने तयार होते आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते, म्हणून तिच्यावरच्या मजकुराचे काम माझ्याकडे आले. ते करताना कायदा वाचावा लागला. वाचून माझे एक मत पक्के झाले, ते इथे मांडते. जी संमती माणसाला त्याला येत असलेल्या भाषेत विचारली गेली नाही, ती संमती नव्हेच. ती नुसती एक खूण आहे.

आधी नियम काय आहेत ते पाहू. व्यावसायिक संदेशांचा त्रास आवरण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१८ साली नवे विनियम आणले. त्यानुसार मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. संस्थेची कागदपत्रे, तिचा हेडर म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारे नाव आणि पाठवायच्या मजकुराचे नमुने, हे सगळे आधी मंजूर करून घ्यायचे. नमुन्यात नाव, तारीख, रक्कम यांसाठी रिकाम्या जागा ठेवता येतात. बाकीचा मजकूर नोंदवलेल्या नमुन्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी कडकपणे सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा लोकांपर्यंत पोहोचेनात, आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते. म्हणजे शाळेने निकालाची लिंक पाठवायची तर वेबसाइटचा पत्ता त्या यादीत हवा. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेवटी एक अक्षरही येऊ लागले. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. आपल्या फोनवरचे मेसेज उघडून पाहा, ही अक्षरे दिसतील.

ही सगळी व्यवस्था पाठवणारा कोण आहे हे नीट तपासते. ते आवश्यकच आहे. बनावट बँका आणि खोट्या बक्षिसांच्या मेसेजने किती घरे नाडली गेली, हे आपण सगळे पाहतो आहोत. पण मेसेज घेणाऱ्याला काय कळले, हा प्रश्न त्यात मागेच राहतो.

तो प्रश्न दुसऱ्या कायद्याने विचारला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांना तयारीसाठी मुदत मिळाली. हा कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली, ठराविक कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती माणसाने स्वतः काही कृती करून दिलेली हवी. म्हणजे आधीच टिक करून ठेवलेली चौकट चालणार नाही. दिलेली संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. कागदावर घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली तर तिलाही हा कायदा लागू होतो. त्यामुळे 'आम्ही फॉर्म छापील भरून घेतो' ही पळवाट नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळेसाठी ही बाब किती मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

याच कायद्यात एक छोटी तरतूद आहे. तिच्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. माहितीची सूचना आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. सुरुवातीला १४ होत्या, आणि त्या १४ मध्ये मराठीही होती, उर्दूही होती. म्हणजे मालेगावात किंवा भिवंडीत राहणाऱ्या आईने 'मला हे उर्दूत दाखवा' म्हटले, किंवा सोलापूरच्या वडिलांनी 'मराठीत सांगा' म्हटले, तर ती मेहेरबानी मागणे नव्हे. तो त्यांचा हक्क आहे.

आता आपल्या आसपासच्या वेबसाइट उघडून पाहा. वर शाळेचे नाव मराठीत, कुठे उर्दूत. प्रार्थनेचा फोटो, अध्यक्षांचे मनोगत. आणि तळाला बारीक अक्षरांत इंग्रजीतले 'प्रायव्हसी पॉलिसी'. ते उघडले तर कळते की मजकूर कुठून तरी जसाच्या तसा उचललेला आहे. कधी त्यात परदेशातल्या कायद्यांची नावे असतात, कधी आपण कधीही न विकलेल्या वस्तू परत घेण्याच्या अटी. जो मजकूर संस्थेनेही वाचलेला नाही, त्याला पालकांनी 'मला मान्य आहे' म्हणायचे. ही कायद्याची पूर्तता झाली असे मानायला माझे मन तयार होत नाही.

काही जण म्हणतात, वाचतो कोण? कुठल्याही भाषेत लिहा, लोक टिक करून पुढे जातात. हे काही अंशी खरे आहे. पण लोक वाचत नाहीत याचे एक कारण हेही आहे की आजवर त्यांच्यासाठी कुणी लिहिलेच नाही. चार साध्या वाक्यांत लिहिले तर वाचतात. शाळेच्या फळ्यावर सुट्टीची सूचना लावली की पालक ती वाचतातच ना? दुसरा आक्षेप खर्चाचा असतो आणि तो खोटा नाही. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरे असतील तर १६० बसतात, देवनागरी किंवा उर्दू असेल तर फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, हलंत, अनुस्वार यांची प्रत्येकाची वेगळी मोजणी होते. 'विद्यार्थ्यांना' या एका शब्दाच्या १५ जागा जातात. मेसेज ७० च्या पुढे गेला की दोन मेसेजचे पैसे. म्हणून अनेक संस्था इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत मेसेज पाठवतात. भाषेच्या शिक्षकाला हे पाहून वाईट वाटते, पण हिशेब करणाऱ्या कारकुनाला मी दोष देणार नाही.

मात्र इथेच वेबसाइटचा उपयोग आहे. वेबसाइटवर ७० अक्षरांची मर्यादा नाही. मेसेज तोकडा असला तरी तो का येणार, कधी येणार, कोणत्या नावाने येणार आणि नको असेल तर काय करायचे, हे वेबसाइटवर दोन्ही भाषांत सविस्तर सांगता येते. त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत. थोडे कष्ट पडतात, इतकेच. अमेरिकेत व्यवसायांना साध्या दहा अंकी नंबरवरून मेसेज पाठवायचे तर नोंदणीच्या वेळी त्यांची वेबसाइटच तपासली जाते. संमती कशी घेतली, मोबाइल नंबर जाहिरातीसाठी दुसऱ्याला देणार नाही असे लिहिले आहे का, मेसेज बंद करण्याची सोय सांगितली आहे का, हे पाहतात. आपल्याकडे डीएलटीची नोंदणी मुख्यतः कागदपत्रे आणि नमुने पाहते. पण कुणी तपासत नाही म्हणून चांगले काम करायचे नाही, असे थोडेच आहे?

आमच्या वेबसाइटसाठी मी जे पान सुचवले आहे, त्यात पाच गोष्टी आहेत. पहिली, संस्थेचे पूर्ण नाव, पत्ता आणि मेसेज ज्या हेडरने येतील तो हेडर. दुसरी, मेसेज कशाचे असतील: गैरहजेरी, परीक्षा, फी, शिष्यवृत्तीची मुदत. तिसरी, दोन वेगळ्या चौकटी. अभ्यास आणि शाळेच्या कामाचे मेसेज वेगळे, नव्या वर्गांची किंवा कार्यक्रमांची जाहिरात वेगळी. दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवायच्या, आणि दुसरीला नकार दिला म्हणून मुलाचे काहीही अडणार नाही हे स्पष्ट लिहायचे. चौथी, मेसेज बंद कसे करायचे आणि तक्रार कुणाकडे करायची, पदनाम आणि फोन नंबरासह. नको असलेल्या जाहिरातींसाठी १९०९ या क्रमांकावर तक्रार करता येते, हेही तिथेच सांगायचे. पाचवी, हे सगळे मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत.

उर्दू पानाचे काम नुसते भाषांतराचे नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून टिक करायची चौकट वाक्याच्या उजव्या बाजूला हवी, नाहीतर वाचणारा गोंधळतो. मशिनकडून भाषांतर करून घ्यावे तर त्यातही धोके आहेत. एकच उदाहरण देते. मराठीत 'राजीनामा' म्हणजे पद सोडल्याचे पत्र. उर्दूत 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांनी मान्य केलेला समझोता. मूळ शब्द एकच, पण अर्थ दोन दिशांना गेले. संमतीच्या पानावर अशी एक चूक झाली तर हसे होईल किंवा भांडण. मी 'संमती'साठी उर्दूत 'रज़ामंदी' घेतला आणि कंसात 'इजाज़त' दिला, कारण घरात बायका तोच शब्द बोलतात. मराठी पानावर 'परवानगी' ठेवला. 'प्रक्रियाकरण', 'विदा' असले शब्द दोन्हीकडून काढून टाकले.

हे सारे कशासाठी? शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आल्याचा मेसेज येतो आणि आई तो न वाचताच पुसून टाकते. दिवसभरात कर्जाचे, जुगाराच्या ॲपचे, बक्षिसाचे इतके मेसेज आलेले असतात की कामाचा कोणता हे तिला ओळखता येत नाही. तिने शाळेचा हेडर एकदा आपल्या भाषेत वाचलेला असेल, या नावाने फक्त शाळाच मेसेज पाठवते हे तिला ठाऊक असेल, तर तो एक मेसेज वाचला जाईल. त्या एका मेसेजवर एखाद्या मुलीचे पुढचे वर्ष अवलंबून असू शकते. नियम पाळल्याचा खरा फायदा हा आहे. दंड टळतो तो वेगळा.

आपल्या समाजात शाळा आणि ट्रस्ट चालवणारे पुष्कळ लोक हे वाचतात. त्यांना एवढीच विनंती आहे की वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला पैसे देण्याआधी संमतीचे पान आपल्या शाळेतल्या एखाद्या भाषेच्या शिक्षकाला दाखवा. त्याहून चांगले म्हणजे मुलांना सोडायला आलेल्या दोन-तीन आयांना ते वाचायला द्या आणि काय कळले ते विचारा. त्यांना कळले, तर कायद्यालाही कळेल.