लायसन, डोळे आणि लेखी आदेश



कापसाला रास्त भाव मिळाला असता आणि ज्वारीत घरखर्च भागला असता, तर आपली पोरे भिवंडीला गेली नसती. पण ती गेली. आधी यंत्रमागावर गेली. मागाचा धंदा मंदावला तशी गोदामांत गेली, आणि ज्याच्या हाताला स्टिअरिंगची सवय होती तो टेम्पोवर नाहीतर ट्रकवर बसला. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांतून रात्री माल भरून निघणाऱ्या गाड्यांजवळ थोडा वेळ उभे राहा, आपल्या मुलखाची बोली कानावर पडेल. घरच्या कोरडवाहू रानाचा तोटा त्या केबिनमधून भरून निघतो. जूनमधल्या सरकीच्या पिशव्याही त्यातूनच येतात. म्हणजे पोराचे लायसन अडकले की इकडे पेरणी अडकते. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे.

लायसन-परमिटच्या राज्याविरुद्ध आपली चळवळ उभी राहिली. एकाधिकार खरेदीच्या काळात स्वतःच्या रानातला कापूस राज्याबाहेर विकायला बंदी होती, ती आपण मानली नाही. मग कोणी विचारील, गाडीच्या लायसनचे काय? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याला समोरचे दिसत नाही त्याने भरलेला ट्रक चालवू नये. त्याच रस्त्याने आपली बैलगाडी जाते, आपली पोरे शाळेला जातात. तपासणीला आमचा विरोध नाही. तपासणीच्या नावाखाली जे चालते त्याला आहे.

कायदा काय सांगतो ते पाहू. मालवाहू गाडीचे लायसन काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो. त्याला नमुना १-अ म्हणतात. चाळिशी ओलांडली की घरच्या मोटारसायकलीसाठीही तोच लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीच्या नंबरची पाटी वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, असे त्यातले प्रश्न आहेत. दृष्टीत दोष असेल तर तो चष्म्याने दूर झाला आहे का, हेही त्यात विचारले आहे. म्हणजे चष्मा लागला म्हणून कोणी नापास होत नाही. रंग ओळखण्यातला सौम्य किंवा मध्यम दोष असला तरी लायसन मिळावे, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने जून २०२० मध्ये केली. हे किती ड्रायव्हरांना ठाऊक आहे?

आणि प्रत्यक्षात काय होते? डॉक्टर पोराकडे मान वर करून पाहतही नाही, एजंट सही-शिक्का आणून देतो. पोरगा खूश. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत असतो, साखर वाढलेली असते, पण सांगणार कोण? दोनशे रुपये वाचले की गेले, याचा हिशोब कसाऱ्याच्या घाटात रात्री दोन वाजता लागतो.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. आपल्या जिल्ह्यातला एक भाऊ बारा वर्षे भिवंडीतून ट्रक चालवत होता. नूतनीकरणाला गेला तर खिडकीवरून ऐकले, ‘डोळे गेलेत तुझे, जा.’ कागद नाही, सही नाही. बाहेर एजंटाने आकडा सांगितला. त्याच्याजवळ तेवढे नव्हते. आठ महिने त्याने त्याच गोदामात हमाली केली. मोतीबिंदू काढून, नवा दाखला घेऊन पुन्हा अर्ज करता येतो, हे त्याला एकानेही सांगितले नाही. अपील तर दूरच.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १७ पाठ करून ठेवा. लायसन नाकारायचे किंवा रद्द करायचे तर अधिकाऱ्याने लेखी आदेश दिला पाहिजे, आणि त्यात कारणे लिहिली पाहिजेत. तो आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. अपील ऐकणाऱ्याने तुमचे म्हणणे ऐकूनच निकाल द्यायचा असतो. कलम १६ खाली आजार किंवा अपंगत्वाच्या कारणाने चालू लायसनही रद्द करता येते किंवा नवा दाखला मागता येतो, पण त्यालाही सबळ कारण लागते, आणि रद्द केले तर हेच कलम १७ लागू होते. खिडकीवरचे बोलणे म्हणजे आदेश नव्हे. आदेश नसेल तर अपील कशावर करणार? म्हणून अर्जाची पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा, अपील कोणाकडे करायचे तेही त्याच कागदावर मागा. देत नसतील तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज. दरम्यान सरकारी दवाखान्यात डोळे तपासून तो कागद अपिलाला जोडा. दाखल्याशी दाखला भिडवावा लागतो, तिथे नुसती गयावया चालत नाही.

मुदतीकडेही लक्ष ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू लायसन पाच वर्षे चालते. मुदत संपून वर्ष उलटले की पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपलेल्या लायसनवर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईचा बोजा गाडीमालकावर ढकलायला बघते. गावात जमीन गहाण टाकून पिकअप घेतलेले मालक आहेत, त्यांनी हे नीट वाचावे.

एसटीतल्या ड्रायव्हराला थोडे कवच आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, दुसरे काम द्यावे लागते, असे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आहे. भिवंडीच्या गोदामवाल्याकडे ट्रक चालवणाऱ्याला यातले काहीच नाही. डोळा गेला की तो थेट गावाकडच्या त्या तोट्याच्या रानात परत येतो.

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही दोन मागण्यांचा ठराव मांडणार आहोत. परिवहन कार्यालयाच्या आवारात सरकारी नेत्रतपासणी हवी, आणि प्रत्येक नकाराचा छापील आदेश त्याच दिवशी हातात मिळायला हवा. ज्यांची पोरे ड्रायव्हर आहेत त्यांनी येताना लायसनची झेरॉक्स आणि मिळाला असेल तो कागद आणावा. कागद मिळाला नसेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर नाही म्हटले, तेवढे लिहून आणावे.