गळाला लागलेला मोठा मासा ताटात नको

डेलावेअर ही अमेरिकेत न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांच्या सीमेवरून वाहणारी नदी. हॅनकॉक गावापाशी तिचे दोन फाटे एकत्र येतात. वरच्या धरणांच्या तळातून सोडलेल्या थंड पाण्यामुळे तिथे ट्राउट टिकून राहतो. खाली पाणी कोमट होत जाते, तसा बास वाढत जातो. मधल्या पट्ट्यात सकाळी गळ टाकणाऱ्याला दोन्ही मासे मिळू शकतात. पुढे हीच नदी न्यू जर्सीच्या कडेने जाते. तिथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यामुळे ‘मुलीला दिवस गेलेत, जावई नदीवरून मासे पकडून आणतात, तिने खावेत का?’ हा प्रश्न इथल्या आईवडिलांनाही पडतो.

खावेत, पण कोणता मासा, केवढा आणि किती, हे पाहून. कारण आहे पारा. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुरातून पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर नदीत उतरतो. तळच्या गाळातले जीवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो आधी शेवाळात, मग किड्यांत, लहान माशांत आणि शेवटी मोठ्या माशांत साठतो. पायरीगणिक प्रमाण वाढते. शिकारी माशाच्या मांसात ते पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही जास्त होऊ शकते.

ट्राउट बहुधा पाण्यातले किडे खातो, बास मात्र लहान मासेही गट्ट करतो. म्हणून एकाच सकाळी, एकाच नदीत पकडलेले हे दोन मासे पाऱ्याच्या हिशेबात सारखे नसतात. वयानेही फरक पडतो. मोठा तपकिरी ट्राउट मासे खाऊ लागला की तोही बासच्या रांगेत जातो. ताजेपणा, वास किंवा रंग यांवरून पारा ओळखता येत नाही. तो चरबीत नव्हे, मांसातल्या प्रथिनांत बसतो. त्यामुळे साल काढून, तळून किंवा चिंच-कोकम लावूनही तो जात नाही.

मिथाइल पारा वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. जपानमध्ये मिनामाता इथे १९५६ साली ही विषबाधा उघडकीस आली, तेव्हा फारशी लक्षणे नसलेल्या मातांच्या पोटी गंभीर मेंदूविकार असलेली मुले जन्मली. तिथे पाऱ्याचे प्रमाण अतिशय जास्त होते. डेलावेअरची त्याच्याशी तुलना नको. पण गर्भाचा मेंदू आईच्या मेंदूहून किती नाजूक असतो, हे वैद्यकशास्त्राला तिथे कळले. शरीरातला मिथाइल पारा निम्मा व्हायला सुमारे ५० दिवस लागतात. म्हणून काळजी मूल हवे असे ठरवल्यापासूनच घ्यावी.

घाबरून मासे सोडणे मात्र चूक. त्याच मेंदूच्या वाढीला माशातले ओमेगा-३ लागते. अमेरिकी सरकारचा सल्ला गर्भवतीने कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असा आहे. घरच्यांनी नदीतून पकडलेल्या माशाबद्दल स्थानिक सूचना मिळाली नाही, तर आठवड्यात एकदाच सुमारे ११० ग्रॅम खावे आणि त्या आठवड्यात दुसरा मासा घेऊ नये. पेनसिल्व्हेनियात अशा सूचना मासेमारीच्या नियमपुस्तिकेतच छापतात. जावयाने ती पाने उघडावीत. मोठ्या बासबरोबर हवा तर फोटो काढावा आणि त्याला पाण्यात सोडावे. नियमात बसणारा लहान ट्राउट घरी आणावा.

हाच हिशेब आपल्या बाजारातही लागू आहे. गर्भवतीसाठी मोठ्या मोरीपेक्षा तारली आणि बांगडा बरा. प्रश्न उरतो आपल्या नद्यांचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे पाणी तपासते. पण पाण्यात नगण्य दिसणारा पारा माशात किती साठला आहे, हे मासा तपासल्याशिवाय कळत नाही. नदीकाठी कितीतरी घरांत रोजचे कालवण त्याच पाण्यातून येते. त्या घरांतल्या गर्भवतींसाठी नद्यांतले मोठे मासे नियमित तपासावेत आणि कोणता मासा किती खावा, याचा फलक घाटावर आणि मासळी बाजारात मराठीत लावावा.